सालभराचे गहू

दादा होता तोवर हे मी लिहिलं नाही. मागच्या वर्षी तो गेला. त्याचं सगळं आटोपल्यावर एका सकाळी मी वहिनीला विचारलं, की चिखलीतल्या त्या उन्हाळ्याबद्दल लिहू का. ती मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "लिही. आता कोणापासून झाकाचं हाय?" मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. 'माझे बालपण' या विषयावर पोरं जे काही खपवतात ते तपासून तपासून माझे डोळे गेले. जो तो आमराईत खेळलेला आणि आजीच्या मांडीवर गोष्टी ऐकलेला. माझ्याकडे सांगायला दीड खोलीचं एक घर आहे आणि पत्र्याची एक कोठी.

आमचं गाव उंद्री. पुढच्या शिक्षणासाठी मला चिखलीला दादाकडे ठेवलं तेव्हा त्याचं लग्न होऊन चारेक वर्षं झाली असतील. बाजारातल्या एका आडत्याकडे तो कारकून होता. शेतकऱ्यांचा माल आला की वजनाच्या चिठ्ठ्या लिहायच्या आणि संध्याकाळी गोदामाला कुलूप लावून किल्ल्या मालकाच्या घरी पोचवायच्या, हे त्याचं काम. पगार हातात यायच्या आधीच त्याच्या वाटण्या झालेल्या असत. खोलीचं भाडं, किराणा, उंद्रीला आईकडे पाठवायचे ते, आणि आता वरून माझी फी. यातून जे उरेल त्यावर वहिनी संसार करत होती. ती तेव्हा बावीस-तेवीसची असेल. माझ्या नात्यातल्या एका भाचीला त्या वयात भाजी कोणती आणू हे आईला फोन करून विचारावं लागतं. मी तिला तसं बोलून दाखवते आणि मग ती चार दिवस माझ्याशी बोलत नाही.

घर म्हणजे पुढे अर्धी खोली, मागे एक पूर्ण, वर टिनं. पुढे दादाची बाज आणि माझं दप्तर. मागे स्वैपाक, घरामागच्या विहिरीवरून भरलेले पाण्याचे हंडे आणि भिंतीशी वहिनी-बेबीचं अंथरूण. बेबी म्हणजे दादाची मुलगी, तीन वर्षांची. बारशाला तिचं नाव वैशाली ठेवलं होतं, पण ते शाळेत घालताना वापरू म्हणून राखून ठेवलेलं. आमच्याकडे सगळंच राखून ठेवलेलं असायचं. साबणाची वडी आणली की वहिनी दोऱ्याने तिचे तुकडे करायची, आणि एक तुकडा झिजून संपल्याशिवाय दुसरा दृष्टीस पडायचा नाही. दादा दाढीचं पातं काचेच्या पेल्यात आतल्या बाजूने घासून पुन्हा धारेला आणायचा. त्या किरकिरीने मला सकाळी जाग यायची. रॉकेल फक्त चहापुरतं. बाकी स्वैपाक भुशाच्या शेगडीवर. आरा मशीनवरून लाकडाचा भुसा पोत्यात भरून आणायचा, मधे बाटली उभी धरून तो शेगडीत ठासायचा आणि मग बाटली अलगद वर काढून घ्यायची. ते काम माझ्याकडे होतं आणि मला फार आवडायचं. भुसा ढासळला नाही तर वहिनी "जमलं बाप्पा पोरीले" म्हणायची. त्यापलीकडे कौतुक नाही. तेही ती पुरवून वापरायची.

जेवण ज्वारीचं. भाकरी आणि चून, म्हणजे बेसनाचं पिठलं, भाकरी आणि अंबाडीची भाजी, कधी नुसता ठेचा. गव्हाची पोळी सणाला, नाहीतर पाहुणा आला तर. बेबीपुरतं थोडं दूध यायचं, त्याला कोणी हात लावायचा नाही. सकाळची भाकरी उरली तर संध्याकाळी तिचा कुस्करा व्हायचा, आणि रात्रीची खिचडी उरली तर सकाळी ती लसूण-मिरचीच्या फोडणीत परतली जायची. त्या फोडणीचा वास अजूनही कुठे आला तर मला आधी भूक लागते आणि मग लगेच मरते. आमच्या घरी शिळं वाया जात नाही हे सगळ्या आळीला माहीत होतं. घरमालकीण, जिला आम्ही मावशी म्हणायचो, ती ओट्यावर बसून चिडवायची, की तुमच्या दारी कुत्रं उभं राहत नाही. वहिनी हसून सांगायची, की कुत्र्याने दुसरं घर पाहावं. तिला असल्या बोलण्याचं काही वाटत नसे. तिच्या डोक्यात त्या दिवसांत एकच होतं, साल भरायचं.

साल भरायचं म्हणजे नवा गहू बाजारात येऊन भाव उतरला की वर्षाचं धान्य एकदम घेऊन टाकायचं. आम्ही आणायचो आठवड्याचं, आणायचो महाग, आणि वर खडे वेचत बसायचो. थोडं थोडं घेणाऱ्याकडूनच दुकानदार जास्त काढतो हे वहिनीने लग्नाच्या पहिल्या वर्षीच ओळखलं होतं. तेव्हापासून ती त्यासाठी बाजूला टाकत होती. एकदा जमलं होतं, ते बेबीच्या आजारपणात गेलं. त्या वर्षी मात्र पुन्हा जमलं. दादाने भंगारवाल्याकडून पत्र्याची जुनी कोठी आणली, माझ्या कमरेच्या वर येईल एवढी. झाकणाची एक बिजागरी तुटलेली होती आणि झाकण त्या बाजूने थोडं उचललेलंच राहायचं. म्हणूनच ती स्वस्तात मिळाली. वहिनीने ती राखेने घासली, उन्हात तापवली आणि अंथरुणाजवळच्या भिंतीला लावली. दुसरीकडे जागाच नव्हती.

गहू आले तो दिवस मला अजून स्वच्छ दिसतो. दादा हातगाडीच्या मागे मागे चालत आला, लग्नाच्या वरातीत चालावं तसा. वहिनीने गाडीवाल्याला दुधाचा चहा दिला, म्हणजे बघा. पोती उलटी केली आणि खोलीत रास झाली. बेबी सरळ राशीत जाऊन बसली आणि पायांवर गहू ओतून घ्यायला लागली. दादा मुलांशी खेळणारा माणूस नव्हता. त्या दिवशी तो खाली बसला, तिच्या ओंजळीत गहू घालायचा आणि विचारायचा, "शेठाणी, भाव काय?" ती दोन्ही हात छातीशी घेऊन म्हणायची, "नाही देत." आम्ही तिला ते पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. त्या संध्याकाळी काही सणवार नसताना पोळ्या झाल्या. वहिनी जेवता जेवता उठून कोठीचं झाकण उघडून पाहून आली. मी तिला त्याआधी इतकी खूश पाहिली नव्हती, आणि नंतरही नाही.

धान्य भरलं की किडीचा बंदोबस्त आला. उंद्रीला आई राख आणि कडुलिंबाचा पाला घालायची. बरी परिस्थिती असलेले गव्हाला एरंडेल चोळायचे. वहिनीला एरंडेल हवं होतं, पण होतं नव्हतं ते सगळं गव्हातच गेलं होतं. दादा म्हणाला, थांब, त्याचं मी पाहतो. त्याच्या गोदामात पोत्यांच्या थप्प्यांमधे किडीच्या गोळ्या ठेवून वर ताडपत्री टाकत आणि दार लावून घेत. त्यातल्या काही गोळ्या त्याने तिथल्या हमालाकडून मागून आणल्या. फुकट. त्याला त्याचा किती आनंद झाला होता. दुसऱ्या सकाळी कामावर जायच्या आधी त्याने त्या फडक्यात बांधून गव्हात खोल खुपसल्या आणि हात झटकत म्हणाला, "आता सालभर पाहाचं काम नाही." गोळ्यांच्या डब्यावर काय लिहिलेलं असतं ते वाचायचा प्रश्नच नव्हता, कारण आमच्याकडे डबा आला नव्हता, कागदाची पुडी आली होती. गोदामात रात्री माणसं झोपत नाहीत आणि आमच्याकडे कोठीला लागून अंथरूण होतं, एवढाच फरक. तो आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आला नाही.

उन्हाळा कडक होता. पंखा नव्हता. दुपारी खिडकीला ओलं पोतं लावायचं, जमिनीवर पाणी शिंपडायचं, दार लोटून घ्यायचं आणि त्या गारव्यात बेबीला निजवायचं, ही वहिनीची रीत. गोळ्या ठेवल्या त्या दुपारीही तिने तेच केलं. बेबीला कोठीच्या पत्र्याला पाय लावून झोपायचं वेड लागलं होतं, पत्रा गार लागतो म्हणून. वहिनी बाहेर ओट्यावर मावशीचे पापड लाटू लागायला बसली, कारण लाटून दिले की त्यातले थोडे आपल्याला मिळायचे. मी गिरणीवरून दळण घेऊन आले आणि डबा ठेवायला आत गेले. आत कोंदट होतं आणि लसणासारखा, कुजट असा वास होता. सकाळच्या खिचडीचा असेल असं मला वाटलं. बेबी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मी बाहेर येऊन उडदाच्या लाट्या खात बसले. जरा वेळाने आतून ओकल्याचा आवाज आला आणि वहिनी पिठाच्या हातांनी आत धावली.

ती बेबीला घेऊन बाहेर आली तेव्हा पोरीची मान टिकत नव्हती. कोणीतरी दादाला बाजारातून बोलावून आणलं. दवाखान्यापर्यंत तो तिला खांद्यावर टाकून पळत गेला, मागून आम्ही. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, की काय खाल्लं होतं. वहिनी तोंड उघडायच्या आत मावशी बोलली, की रात्रीची खिचडी होती घरात, सकाळी तीच गरम केली. मावशीच्या मनात वाईट काही नव्हतं. तिला जे माहीत होतं ते तिने सांगितलं, आणि डॉक्टरांनी ऐकलं ते लिहिलं. उलट्या थांबल्या, पण पोर गार पडत गेली. सलाईनची सुई तिच्या हातात बसत नव्हती. दिवेलागणीच्या सुमाराला ती गेली.

दादा व्हरांड्याच्या भिंतीला टेकून उभा होता. वहिनी बाहेर आली तशी तो तिच्याकडे वळला. आवाज चढवला नाही.

"शिळं दिलं होतं तू तिले?"

वहिनी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. मी शेजारी होते. तिने इतका वेळ घेतला की मला वाटलं तिला ऐकूच आलं नाही. मग म्हणाली, "हाव."

बेबीला त्याच रात्री पुरलं. दुसऱ्या दिवशी उंद्रीहून आई आली, आळीतल्या बायका येऊन बसल्या. सुतकाच्या घरात शेगडी पेटत नाही, धान्याला कोणी हात लावत नाही; जेवण शेजाऱ्यांकडून येतं आणि घरची बाई एका जागी बसून राहते. वहिनी बसली नाही. सगळ्यांच्या देखत ती उठली, नाकावर पदर बांधला, दारं-खिडक्या उघडून पोतं ओढून फेकलं आणि टोपल्याने कोठीतले गहू काढून अंगणात उन्हात पसरायला लागली. खेपेमागून खेप. बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. आई मोठ्याने म्हणाली, "पोरीची माती ओली हाय अजून, अन् हे गहू वाळू घालून राह्यली." वहिनीने थांबून एवढंच सांगितलं, की मुंग्या लागल्या. मी टोपलं धरायला पुढे झाले तर ती माझ्यावर खेकसली, की जवळ येऊ नको, दूर हो. तळातून तिने काहीतरी फडक्यात गुंडाळलेलं काढलं आणि ते घेऊन घराच्या मागे गेली. कुदळीचा आवाज आला. पुढे पुरुषांमधे दादा मान खाली घालून बसला होता. त्याने हे पाहिलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. मला मात्र तिचा राग आला. बेबी नाही आणि हिला गव्हाची पडली आहे, असं माझ्या मनात आलं आणि ते तिथेच बसलं.

ते गहू आम्ही टाकले नाहीत. टाकणं परवडणार नव्हतं. दळण काढायच्या आधी वहिनी ते पुन्हा पुन्हा पाण्यातून काढायची आणि कडक उन्हात वाळवायची, आणि दादाच्या नि माझ्या ताटात आता सण नसताना पोळी असायची. कोणाच्या घशाखाली ती सरळ उतरत नसे. वहिनी स्वतः भाकरीच खायची. मला वाटायचं, गहू पुरवतेय. कोठी त्या दिवसापासून बाहेर ओट्यावर राहिली, पावसाळ्यातसुद्धा, वर फाटकी ताडपत्री टाकून. पुढे दादाला दोन मुलगे झाले, त्यांना बऱ्या नोकऱ्या मिळाल्या, बुलढाणा रोडला स्वतःचं घर झालं. त्या घरातही धान्य आत कधी ठेवलं गेलं नाही. वहिनीने पोळी खाल्लेली मी कधी पाहिली नाही.

आणि आई. आई वाईट नव्हती, पण तिची नात गेली होती आणि तिला दोष द्यायला माणूस मिळालं होतं. चिखलीला आली की नातवांच्या ताटाकडे बघून चारचौघांत विचारायची, "ताजं हाय न पोरायचं?" दर वेळी. वहिनी म्हणायची, "हाव, ताजंच हाय," आणि वाढत राहायची. दादा अशा वेळी पाण्याचा तांब्या उचलून बाहेर जायचा. तो वहिनीला कधी टोचून बोलला नाही, पण आईला त्याने गप्पही केलं नाही. नात्यात तिचं नाव कद्रू पडलं ते पडलंच. लग्नाकार्यात ती वाढायला उठली की बायका नजरेने एकमेकींना खुणवायच्या. हे मी वर्षानुवर्षं पाहिलं.

मी निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी असंच त्यांच्याकडे राहायला गेले होते. सकाळी फाटकात पडलेला पेपर मी उचलला आणि ओट्यावर बसून वाचायला लागले. आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. कुठल्याशा गावात मजुराचं कुटुंब, एकच खोली, धान्यात किडीच्या गोळ्या ठेवलेल्या, त्यांचा वायू खोलीत कोंडला आणि लेकरं झोपेत गेली. लसणासारखा वास येतो, असंही दिलं होतं. मी ती बातमी वाचली आणि पुन्हा वाचली. मग माझ्या नाकात तो वास आला, चिखलीच्या खोलीतला, आणि कोठीचं उचललेलं झाकण दिसलं, आणि त्या पत्र्याला लावलेले ते छोटे पाय. मला रडू आलं. आणि त्याच्यामागोमाग, खोटं कशाला सांगू, आनंदही झाला. इतकी वर्षं उराशी दगड घेऊन बसलेल्या बाईला मी आता जाऊन सांगणार होते, की तुझ्या हातून काही झालं नाही.

स्वैपाकघरात ती भाकरी थापत होती. दादा पुढच्या खोलीत उठला होता, त्याच्या खोकल्याचा आवाज येत होता. मी दार लोटलं आणि हळू आवाजात तिला बातमी वाचून दाखवली. तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"मले मालूम हाय," ती म्हणाली.

तिने हात धुतले आणि माझ्यासमोर बसली. बेबीला उचलायला आत गेली तेव्हाच तिला त्या वासाने शंका आली होती, आणि कोठीखाली पाल मरून पडलेली दिसली होती. दवाखान्याच्या वाटेवरच तिला सगळं कळून चुकलं होतं.

"शिळं मी खायची, कुसुम. तिले कधी दिलं मी? तुले तरी कधी दिलं का?"

मी आठवून पाहिलं. त्या खिचडीच्या फोडणीचा वास मला आठवत होता. चव आठवत नव्हती. मी ती कधी खाल्लीच नव्हती.

मग दादाला हो का म्हणालीस, असं मी विचारलं. माझा आवाज जरा वर गेला असावा, कारण तिने दाराकडे पाहिलं.

"नाही म्हटलं असतं तं मग कशानं, म्हणून हे शोधत बसले असते. फिरून कोठीपाशीच आले असते. मी काढले दिवस. तुह्या दादाच्यानं निघाले नसते. विहीर घराच्या मागंच होती आपल्या."

तव्यावर भाकरी करपत होती. ती उठून गॅस बारीक करायला गेली आणि मी तिथेच बसून राहिले. आई वारली तेव्हा शेवटपर्यंत तिचं सगळं याच बाईने केलं होतं, आणि आई तिच्या हातचं पाणी पिण्याआधीसुद्धा पेल्यात निरखून पाहायची. ते सगळं माझ्या डोळ्यांपुढे येत होतं आणि मला तिच्या पायाशी डोकं ठेवावंसं वाटत होतं. पण ती तसलं काही करू देणारी नव्हती.

पुढच्या खोलीतून दादाने हाक मारली, "कुसुम, पेपर आला का वं?"

वहिनीने माझ्या हातातून पेपर काढून घेतला. त्याची घडी केली, आणखी एक घडी केली, आणि स्वैपाकाच्या ओट्याखाली रद्दीच्या गठ्ठ्यात अगदी तळाशी सरकवला.

"आज आला नाही म्हणून सांग दादाले," ती म्हणाली.

मी बाहेर गेले. दादा खुर्चीत बसला होता, चष्मा पुसून तयार. मी त्याला सांगितलं, की आज पेपर आलाच नाही. तो "बरं" म्हणाला आणि चष्मा पुन्हा डबीत ठेवला.